फ्यूजमधली जाड तार

अहो,

आज दुपारी घरातला लाईटचा बोर्ड बदलून झाला. हे सांगायचं कोणाला? महेशला फोन केला, तर तो चाकणला ड्युटीवर. "बरं झालं आई, नंतर बोलतो," म्हणाला. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. थोडं रागवायचंही आहे.

महेशला गच्चीवर सोलर बसवायचंय. त्याआधी घरातली लाईन तपासायला काल नारायणगावहून बाई आली. हो, बाई! वैशाली नाव, तिशीतली, खांद्याला हत्यारांची पिशवी. तुम्ही असता तर आधी तिच्याकडे टकामका बघितलं असतंत आणि मग मला चहा टाकायला सांगितलं असतंत.

तिने पडवीतला बोर्ड उघडला. मेन स्विच बंद करून मला जवळ बोलावलं. वायरींचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं. फ्यूजमध्ये बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार पिळलेली.

"काकू, ही कुनी घातली?"

"आमच्या ह्यांनी."

"मंग ह्यो फ्यूज उडायचाच न्हाई. वायर जळली तरी न्हाई."

मला तिचा रागच आला हो. तिला काय माहीत, ती तार कशासाठी होती? दिवेलागणीला फ्यूज उडायचा, तुम्ही मळ्यात, बाहेर उसात बिबट्या. मी कडी लावून अंधारात बसून राहायचे. एकदा तुम्ही आलात तर भीतीनं मला धड कडीसुद्धा काढता येईना. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ती तार पिळलीत. "आता नाय जायाची तुझी लाईट," म्हणालात. खरंच, फ्यूज पुन्हा कधी गेला नाही. पण वायरमनला एक शब्द विचारायचा ना! सगळं आपल्याच हाताने करायची ही कसली खोड?

वैशाली परसात जाऊन आली. गळणारी वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार गंजून तुटली होती. मग घटकाभर मेन चालू करून तिने फ्रिजला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"काकू, फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत व्हत्या का?"

मी हो म्हणाले.

दिवाळीपासून येत होत्या. बोटांतून पार कोपरापर्यंत. तुमच्या दुखण्याची सुरुवातही हाताला मुंग्या येऊनच झाली होती ना? मला वाटलं, माझंही तेच. महेशला बोलले नाही, डॉक्टरकडे गेले नाही. खरं सांगू? मनातून बरंच वाटलं होतं. आता फार दिवस एकटीनं काढावे लागणार नाहीत, असं वाटलं. कपाट आवरलं. सूनबाईसाठी पाटल्या फडक्यात बांधून ठेवल्या. आणि ते सगळं निघालं एका वायरीपायी!

"घरात दुसऱ्या कुनाला न्हाई का आल्या?" तिने विचारलं.

"दुसरं कोण आहे?"

तिने टेस्टर पिशवीत ठेवला. म्हणाली, "लई सोसलंत, काकू. हात वला असता तर..."

दोघं असतो, तर तुम्हीही फ्रिज उघडला असतात, हात झटकला असतात आणि पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला असतात. एकटीला आपल्याच अंगाचं काही कळत नाही हो.

आज तिने नवीन वायरी ओढल्या, अर्थिंग केलं, गडबड झाली की आपोआप पडणारे स्विच बसवले. म्हणाली, "लावा हात."

लावला. काहीच नाही. नुसता गार पत्रा. आणि मला रडू कोसळलं. तिला वाटलं, आनंदानं. "आता भ्यायचं न्हाई," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला काय सांगणार, मी तुमच्याकडे यायला निघाले होते म्हणून!

ती गेल्यावर पाटल्या पुन्हा हातात घातल्या. सैल झाल्यात.

आता ऐका. ओढ्यापलीकडच्या हिराबाई परवा देवळात म्हणत होत्या, "मोटारीच्या नळाला हात लावला की कसंतरीच व्हतंय." त्याही एकट्याच, लेक नाशिकला. आज वैशाली निघताना मी ते तिच्या कानावर घातलं. उद्या ती येतेय. तिला घेऊन मीच जाणार. त्यांचा बोर्ड होईपर्यंत हिराबाईंना आपल्याकडे ठेवून घेईन. भाकरी जास्तीच्या थापायची सवय मोडलीय, पण जमेल.

आणि तुम्हाला शब्द देते. अंगाला काही जाणवलं, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगेन. यायची घाई करणार नाही. तुम्ही तिकडे वाट बघत असाल, तर बघा हो अजून थोडी.

तुमचीच,
शालन