ओलिंथसचं चुकलेलं अक्षर

हायडेलबर्ग,
१२ नोव्हेंबर २०१४

ती. अण्णा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. थंडी पडली आहे, पण आईने विणलेला स्वेटर अंगातून निघत नाही, असं तिला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

माझ्या ओलिंथसबद्दल लिहायचं आहे. राजा फिलिपने ते ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं आणि तिथली माणसं गुलाम म्हणून विकली. त्यातली काही कुटुंबं पुढे परत आली, असं मी एका शिलालेखावरून प्रबंधात मांडलं होतं.

सोमवारी त्या लेखाचा कागदी ठसा पुन्हा पाहिला. मी ज्याला अक्षर समजले होते, ती दगडाची चीर निघाली. लेखातलं गावच दुसरं आहे. ती माणसं परतल्याचा माझ्याकडे आता काहीच पुरावा नाही, अण्णा.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दोन दिवस तो ठसा पुन्हा पुन्हा तपासला. मग मार्गदर्शक बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी ठसा भिंगाखाली तपासला.

"तर मग प्रबंधातलं हे प्रकरण काढून टाकावं लागेल," त्या म्हणाल्या. "तू स्वतःहून आलीस, हे बरं केलंस."

प्रबंध आता लांबेल, आणि शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. वाढेल का, ते त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा माझ्या पदवीदानाला इकडे यायची एप्रिलची तिकिटं इतक्यात काढू नका.

वाचनालयात तुम्ही माझ्या शोधाबद्दल सगळ्यांना सांगितलंय. कुणी विचारलं, तर मुलीचं वाचन चुकलं, असंच सांगा. तुम्हाला जड जाईल, पण सांगा.

तुमची,
सुकन्या