व्याह्यांसमोर वाजलेलं यंत्र

बल्लारपूर,
२० एप्रिल २००४

चि. राजदीप यास,

तुझ्या भाऊजींचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? पुण्याचं पाणी मानवलं का? इकडे तुझी ताई मजेत, आणि माझी तब्येत ठणठणीत, विशेषतः पोट. (हे वाक्य पुन्हा वाच, पुढे कामी येईल.)

निवृत्त झाल्यावर मी जुन्या मॅटाडोरचं चालतं घर केलं, हे तुला ठाऊकच आहे. दोन बाकं, पंखा, शेगडी, सिलेंडर, आणि तू हौसेने पाठवलेलं गॅस पकडायचं यंत्र. गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून यंत्र खाली लावा, असं तूच फोनवर सांगितलंस. मी ते माझ्या बाकाखाली ठोकलं. (तीस वर्षं मिलमध्ये फिटर होतो, तरी साळ्याचं ऐकलं. चुकलंच.)

मागच्या रविवारी आपल्या सुगतसाठी मुलगी पाहायला धानोऱ्याकडे गेलो. मुलगी रश्मी, नर्स आहे, आणि अशी गुणी की सुगतचा चहा कपातच गार झाला. होकार तेवढा यायचा होता. तोवर मुलीचे वडील रामाजी आणि आजी केसरबाई यांना मी गाडी दाखवायला नेलं. सिलेंडर घट्ट बंद असल्याचं दाखवलं, माझ्या बाकावर ऐसपैस बसलो आणि सांगितलं, की इथे जरासा गॅस सुटला तरी हे यंत्र बोंबलतं. लगेच ते बोंबललं! मी उठलो तर गप्प. बसलो तर पुन्हा सुरू. सुगत खिडकीबाहेरची बाभूळ निरखू लागला. जमत आलेली सोयरीक माझ्या बाकाखाली मोडते की काय, या भीतीने मला दरदरून घाम फुटला.

"लाजता काऊन भाऊ?" केसरबाई म्हणाल्या. "मशीन झूट नाई बोलत. घरी ओवा हाये, आनू का?"

गाडीत एवढा हशा पिकला, की होकार त्यातच येऊन गेला. (केसरबाईंचा निकाल: "असं मशीन ज्या घरी, तिथी पोरीले धोका नाई. सासरा जरा भरला हाये, चालते.") राजदीप, अशी सून मिळाली म्हणून मला आभाळ ठेंगणं झालंय. पण सगळं गाव मला 'गॅसवाले व्याही' म्हणतं, त्याचं काय? खरा चोर मी घरी आल्यावर पकडला. रामाजींनी भेट दिलेलं मोहफुलांचं पोतं माझ्या बाकाखाली होतं, दमट, चांगलं आंबलेलं! यंत्र त्या वासाला भुललं. मी निर्दोष आहे.

तुझा,
हरिदास

ता. क. तू इंजिनिअर आहेस. हे यंत्र सिलेंडरचा आणि मोहाचा गॅस पकडतं, माणसाचा नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून धाड. साखरपुड्यात पंगतीआधी वाचून दाखवायचं आहे.

ता. क. दुसरा. राजू, मी कांताताई. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. कागद धाडू नको. मोहाचं पोतं आम्ही निघताना गाडीत चढवलं, तोवर ते रामाजीभाऊंच्या ओसरीवरच होतं. आणि लाखोरीच्या वातूळ डाळीचं वरण यांनी त्या सकाळी तीन वाट्या खाल्लं. यंत्र फार चांगलं आहे. अजून एक पाठव, घरी यांच्या खाटेखाली लावते.