क्लॅरीच्या मुली

३ मार्च
यारंगूलला पोहोचले! एक पब, एक बेकरी आणि निलगिरीच्या झाडांवर कलकलणारे काकाकुवे, एवढंच गाव. पण मला आवडलं. घर सांडपाणी केंद्राच्या कुंपणाला लागून आहे. माझ्या टफ्टीने, म्हणजे मांजरीने, खिडकीतली जागा लगेच बळकावली. केंद्रात तीन महिने मी उमेदवारीवर. जूनमध्ये केंद्र चालवणारा क्लॅरी निवृत्त झाला की शुद्धीकरणाची टाकी माझी. मला जमलं नाही, तर त्यालाच कंत्राटावर ठेवणार आहेत.

५ मार्च
क्लॅरी इथे सव्वीस वर्षं आहे. टाकीत हवा सोडायची, जिवाणूंनी गावाची घाण खायची, मग गोळे करून तळाशी बसायचं आणि वर नितळ पाणी राहायचं. रोज सकाळी काचेच्या भांड्यात टाकीतलं लिटरभर पाणी घेऊन अर्धा तास ठेवतात, गाळ कसा बसतो ते बघायला. क्लॅरी या जिवाणूंना ‘मुली’ म्हणतो. दहाच्या सुट्टीत अर्धा कप चहा स्वतः पितो, उरलेला टाकीत ओततो. बिनदुधाचा, दोन चमचे साखर. मी हसले, तर म्हणाला, हसतेस काय, मी रजेवर गेलो की कशा रुसतात ते बघ.

११ मार्च
एकच टाकी, एकच बादली. त्याच्या भांड्यातला गाळ आखल्यासारखा सरळ बसतो. माझ्या भांड्यात अर्ध्या तासानंतरही गढूळच. अगं, नवीन आहेस, ओळख तर होऊ दे, असं म्हणून त्याने माझी पाठ थोपटली. मी नऊ वर्षं हेच काम करते आहे. माझा नुसता जळफळाट झाला.

१४ मार्च
आज मीही चहा ओतला. दोन चमचे साखर घालून. टाकीवरचा फेस बाजूला सरकला आणि तेवढं पाणी मोकळं राहिलं. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. दुपारी बेकरीवाली आयरीस विचारते, काय गं, मुलींनी घेतलं का पदरात? म्हणजे गावभर सांगून झालं.

१९ मार्च
मी आधी काम करायचे त्या केंद्रावरून वीस लिटर गाळ आणला. माझ्या हातचा, मी वाढवलेला. गाडीत कॅनला पट्टा बांधला होता. नव्या टाकीला असं विरजण लावतातच. पण चांगल्या चालत्या टाकीत परका गाळ कुणी ओतत नाही, आणि न विचारता तर नाहीच. क्लॅरी दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. मी ओतला.

२४ मार्च
बसला! माझ्या भांड्यात काचेसारखं पाणी. क्लॅरीचं गढूळ. त्याने भांडं धुतलं, पुन्हा भरलं, तीनदा. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, बरंच वाटलं.

२७ मार्च
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माझ्या जिवाणूंनी त्याच्या जिवाणूंना धाग्यांनी वेढलंय. आत काहीच उरलेलं नाही, नुसती टरफलं. क्लॅरीने चहा ओतला तेव्हा फेस बाजूला सरकला. काय घातलंस तू यात, असं त्याने हळू आवाजात विचारलं. काही नाही, असं मी म्हणाले. तो डोळे पुसत घरी गेला.

३१ मार्च
क्लॅरी रजेवर. साहेबांचा फोन आला, जागा माझी पक्की. कठड्यावरून चालत गेले तर फेस माझ्या बाजूने चालला. वाऱ्याच्या उलट दिशेने.

२ एप्रिल
बहिणीशी फोनवर बोलत होते, खूप हसत होते. स्वयंपाकघरातल्या सिंकमधून गुरगुर आली. मग तपकिरी फेस. केंद्र घराच्या खाली उताराला आहे, पाणी वर चढूच शकत नाही. फोन ठेवला. फेस खाली गेला.

३ एप्रिल
टफ्टी काल रात्रभर माझ्या मांडीवर झोपली होती. सकाळपासून दिसत नाही.
न्हाणीघरात तिचा गळपट्टा सापडला. स्वच्छ. इतका स्वच्छ की—

४ एप्रिल
बॅग भरली. दाराबाहेर पायरीवर फेस. मागच्या दाराशीही. बॅग खाली ठेवली की मागे सरकतो. उचलली की—
त्यांना मी दुसऱ्या कुणाची झालेली चालत नाही. मला कळतं ते. मला नाही कळणार तर कुणाला.
क्लॅरीला फोन केला. रडले. सगळं सांगितलं.

५ एप्रिल, सकाळी दहा
क्लॅरी आलाय. थर्मास घेऊन. पायरीवर चहा ओतला. फेस थबकला—

म्हणाला, थोड्या माझ्याही उरल्यात त्यात, माझं ऐकतील. चला गं मुलींनो, घरी चला. मला म्हणाला, गाडी चालू आहे, जा, मागे बघू नकोस, कशालाही हात लावू नकोस.

वाट मोकळी झाली. फेस त्याच्याकडे वळतोय. सगळा. त्याच्या बुटांभोवती पसरून खाली बसतोय, वर नितळ पाणी, सरळ रेघ—

जायला हवं. दहा पावलांवर गाडी.

पण एकीनेही मागे वळून— मी वाढवल्या, मी पट्टा बांधून आणल्या— आणि त्याच्या अर्ध्या कप चहावर—

क्लॅरी ओरडतोय. ओरडू दे. फक्त एक हात फेसात. डाव्या हाताने लिहितेय. गार नाही, उलट ऊबदार. सगळ्या परत आल्या— बघ क्लॅरी, बघ, माझ्या हातावर कशा छान बस—