पडद्यावर नफीसाखाला

प्रिय नफीसाखाला,

आज लिहायला का बसले, ते आधी सांगते. घडलं ते असं :

१. गेल्या शनिवारी आमच्या चर्चमध्ये प्रशिक्षण वर्ग झाला. विषय : इस्लाममधल्या आधुनिक चळवळी आणि मुसलमान शेजाऱ्यांशी आपण कसं वागावं.
२. वक्ते बाहेरचे होते. प्रोजेक्टर माझ्याकडे होता.
३. ‘वाढती कट्टरता’ या मथळ्याखाली पडद्यावर तुम्ही आलात. काळा बुरखा, हातात आमच्याच चर्चचा चहाचा कप. फोटो नाताळच्या चहापानाचा. वक्त्यांना तो आमच्या सेक्रेटरींनी पाठवला होता.
४. मी प्रोजेक्टरची वायर काढली आणि म्हटलं, “या बाईंचं नाव ज्याला माहीत आहे, त्याने पुढे बोलावं.”
५. वर्ग संपला.
६. मी लेखी माफी मागावी, असं कमिटीने कळवलं आहे. मागितली नाही तर संडे स्कूलमध्ये शिकवणं बंद.

माफी मी मागणार नाही.

तुम्ही गेलात त्याला पाच महिने झाले. तुम्ही असतात तर वायर काढायची वेळ माझ्यावर आली नसती. तुम्ही स्वतःच उठून विचारलं असतंत, “काय हो साहेब, माझी एवढी माहिती कोणी दिलान तुम्हाला?”

या साहेबांना हातखंब्याहून गाडीने मीच आणलं होतं. वाटेत त्यांनी विचारलं, “इथले मुसलमान कसे आहेत?”

“कोणते?” मी म्हटलं.

“म्हणजे, मवाळ की कट्टर?”

मी आपल्या गल्लीचा विचार केला. तुमचे दीर उरूस चुकवत नाहीत. त्यांचाच मुलगा जमातीबरोबर धर्मप्रचाराला गावोगाव फिरतो आणि घरी येऊन बापाला सांगतो की दर्ग्यावर चादर चढवणं चूक. आणि तुम्ही! आयुष्यभर उरसाला मलिदा केलात, आणि पन्नाशीत दर्सला, कुराणाच्या वर्गाला जाऊन अर्थ लावून वाचायला लागलात. एका भिंतीच्या आत तीन मतं. साहेबांना काय सांगू? म्हटलं, “आमच्याकडे भांडकुदळ आहेत.” ते हसले. मी गंमत करत नव्हते.

तो नाताळ आठवतो? पाळकसाहेब दारातच म्हणाले, “या खाला, नाताळच्या शुभेच्छा!”

तुम्ही म्हणालात, “ते मी नाय म्हणायची हां. मला पटत नाय. पोरीने बोलावलंन, म्हणून चहाला आले.”

पाळकसाहेबांचा हात तसाच पुढे राहिला! मग माझ्याकडे वळून तुम्ही बजावलंत, “ईसा आमचेपण पैगंबर आहेत. त्यांच्या आईला आम्ही मानतो. पण देवाचा मुलगा म्हटलंस, तर हा कप खाली ठेवून भांडेन.”

“मी म्हणणारच.”

“मग ठेवते.”

आणि खरंच ठेवलात. आवारातल्या बाकावर आपण किती वेळ वाद घातला! मी हरले नाही, तुम्हीही नाही. शेवटी कपात बघून म्हणालात, “निवला गो. दुसरा आण.” फोटोतला कप तोच, वादाच्या आधीचा. वाद कुणी टिपला नाही.

खाला, एक राग मात्र माझ्या मनात आहे, तो लपवत नाही. दर्सला जायला लागल्यावर तुम्ही गाणी सोडलीत. माझ्या ताईच्या हळदीला ढोलकी तुमच्यापुढे ठेवली, तर ती हाताने बाजूला सारलीत. का? तुमच्या आवाजाने कुणाचं काय बिघडत होतं? उरसावरून दिरांशी अबोला धरलात, तोही शेवटपर्यंत. या लाटेने घरोबे तुटतात, असं ते वक्ते म्हणाले. ते खोटं नाही. मी पाहिलंय.

पण दुसरंही पाहिलंय. दाभोळकडच्या तुमच्या माहेरी वडिलांची कलमांची बाग होती. भावांनी जेवायला बोलावून कागद पुढे केला. रीतच तशी, बहिणीने सही करून हक्क सोडायचा. तुम्ही सही केली नाहीत. “अल्लाने दिलेला हिस्सा सोडायला सांगणारे तुम्ही कोण? मी वाचलंय, तुम्हीपण वाचा,” म्हणालात. धाकटा भाऊ ओरडला, “दर्सला जाऊन बिघडलीस तू!”

हिस्सा मिळाला, माहेर गेलं. त्या ईदला तिकडून कुणी फिरकलं नाही. तुम्ही शिरखुर्म्याचं भांडं घेऊन आमच्याकडे आलात आणि एकदम विचारलंत, “तुमच्या शास्त्रात बहिणीला काय मिळतं?”

मी बायबल उघडून शोधलं. बापाचा वाटा मागायला सगळ्या जमावापुढे उभ्या राहिलेल्या पाच बहिणी आमच्या शास्त्रातही निघाल्या. तुम्ही पाचही नावं माझ्याकडून वदवून घेतलीत आणि म्हणालात, “बघ! आणि तुला ठाऊकच नव्हतं.”

हे सगळं त्या मथळ्याखाली कुठे बसवायचं? मी पाण्याचे नमुने तपासते. विहिरीवर न जाता अहवाल लिहिला, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. माणसांच्या बाबतीत ही सूट कुणी दिली?

वर्गातल्या कुणीतरी पडद्याचा फोटो काढून पुढे पाठवला. फिरत फिरत तो लांज्याला तुमच्या सबापर्यंत पोचला. तुमची मुलगी ती, भांडायला हवी होती. भांडली नाही. एवढंच विचारलंन, “रूथताई, अम्मी कशाचं उदाहरण आहे?”

मी तिला लिहिलं : “कशाचंच नाही. आमच्या तोंडावर ‘पटत नाही’ म्हणणारी ती एकटी होती. तिला उत्तर देता यावं म्हणून मी माझं शास्त्र वाचायला लागले.”

सबाचं उत्तर आलं : “मग आता माझ्याशी वाद घाल. शुक्रवारी दुपारी दर्स माझ्याकडे असतो. बायकांना सांगून ठेवते.”

मी जाणार, खाला. संडे स्कूल राहो की जाओ. येशूबद्दल जे मानते ते तिथे सांगेन, तुमच्यापुढे सांगत होते तसंच. त्यांचं ऐकेन. ढोलकीचा विषयही काढेन. कुणाचा फोटो काढणार नाही.

तुमच्याशी न पटणारी, तुमचीच,
रूथ

प्रत : पाळकसाहेब आणि चर्च कमिटी यांना. माफीच्या जागी हेच पत्र समजावं. नफीसाखालांचा फोटो वर्गाच्या साहित्यातून काढला का, आणि त्यांच्या मुलीची माफी कोण मागणार, हे येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत मला लेखी कळवावं.