विहीणबाईंना सांगून ठेवलेल्या गोष्टी

७ जानेवारी

बाबागाडी रिकामी!

दुपारी लायब्ररीतून आले. मागच्या अंगणात बघते तर गाडी जागेवर, पांघरूण बाजूला फेकलेलं आणि आत एस्किल नाही. आठ महिन्यांचं पोर उठून चालायला लागत नाही. पिशवी तिथेच टाकली आणि बूट न काढता वरच्या मजल्यावर धावले. वर विहीणबाई लाकडाच्या शेगडीशेजारी आरामात बसलेल्या. मांडीवर माझा नातू — दोन टोप्या, तीन स्वेटर, घामाने थबथबलेला. आणि बाईसाहेब गाणं म्हणताहेत!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले. बाळ बाहेर झोपतं, किती वेळा सांगायचं! ती एवढंच म्हणाली, "थंडी." बाहेर उणे चार अंश होतं. उणे चार! याला ही थंडी म्हणते.

माझा लेक सिग्वे बाहेर झोपून वाढला. मी बाहेर झोपून वाढले. गार हवेत पोरं तास-दोन तास गाढ झोपतात, हे इथे उत्तरेत, ट्रॉन्डहाइममध्ये, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाळणाघराच्या अंगणातसुद्धा गाड्यांची रांग असते. पण आमच्या घरात आता समजावून सांगावं लागतं!

८ जानेवारी

घसा बसलाय. सिग्वे म्हणतो, आई, तू कधी ओरडत नाहीस. म्हटलं, माझा नातू याआधी कुणी पळवला नव्हता.

११ जानेवारी

अजून डोकं शांत नाही. चूक माझी नाही, हे एकदा लिहूनच टाकते.

तामूनाची, माझ्या सुनेची, बाळंतपणाची रजा संपली. पाळणाघर ऑगस्टशिवाय मिळत नाही. माझी अर्धा दिवस नोकरी. मग माझ्या लेकाने आणि सुनेने ठरवलं की तिच्या आईला तिबिलिसीहून बोलवायचं. नऊ महिन्यांचा परवाना, आणि पुढे जमलं तर कायमचंच. तिथे त्यांचं आता कुणी नाही. मला कुणी विचारलं नाही, पण ठीक आहे, वरचा मजला त्यांचा आहे. फक्त सिग्वे म्हणाला, "आई, त्या येण्याआधी इथलं काय काय माहीत असावं, ते तू त्यांना फोनवर सांगून ठेव ना. तू सगळं नीट सांगतेस."

सांगितलं! तामूना मध्ये बसून आपल्या भाषेत करून देत होती. दारात बूट काढायचे. कुणाकडे जायचं तर आधी फोन करायचा. जाताना दर वेळी काहीतरी घेऊन जायचं नाही, लोकांना उगाच ओझं होतं. बसमध्ये रिकामी बाकं असतील तर अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं नाही. अंगाला लागून लोकर, सुती नाही. कुणाला त्याच्या घरचं काही विचारायचं नाही, सांगायचं असेल तर तो सांगेल. आणि बाळ उणे दहापर्यंत बाहेर झोपतं. हे शेवटचं तर मी दोनदा सांगितलं.

प्रत्येक गोष्टीला हो हो. बाळाचं सांगितलं तेव्हा मात्र पलीकडे काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

१६ जानेवारी

आज विहीणबाई फोन न करता खाली हजर. हातात ताटभर चीज भरलेली रोटी, अजून वाफा येताहेत. मी आंघोळीचा टॉवेल गुंडाळलेला! गेल्या आठवड्यात अक्रोडाचं काहीतरी, त्याआधी मनुकांचा पाव. माझ्या फ्रीजमध्ये मला स्वतःचं तपकिरी चीज ठेवायला जागा नाही.

बसवलं. कॉफी केली, वॅफल केले. विचारलं, वॅफल घेणार? "नको नको." बरं, मी ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. झालं.

संध्याकाळी तामूना खाली आली. सूनबाई मला नावानेच हाक मारते, आमच्यात तसंच. म्हणाली, "तुरिड, आईला वॅफल खायचा होता. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग यजमानाने परत विचारायचं, मग घ्यायचं."

मी म्हटलं, आमच्याकडे एकदाच विचारतात. नको म्हणजे नको. समोरच्याच्या शब्दाला मान द्यायचा की त्याच्या तोंडात वॅफल कोंबायचा? तामूना हसली. मी हसले नाही. बाईमाणूस पासष्टीला आलं तरी हवं ते तोंडाने मागता येत नाही! काय हा शिष्टपणा!

२१ जानेवारी

उणे सात, स्वच्छ ऊन. आज बाळ बाहेर होतं. मी मनात म्हटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं. जवळ जाऊन बघते तर विहीणबाई गाडीपाशी उभ्या. कोटाची बाही वर सारलेली, उघडा हात पांघरुणाच्या आत. एस्किल टक्क जागा आणि रडवेला.

काय करताय म्हणून विचारलं.

"श्वास बघते."

श्वास! झोपलेलं बाळ श्वास घेणार नाही तर काय करणार? दर पाच मिनिटांनी गार हात छातीला लावला तर कुठलं पोर झोपेल? मी तिचा हात धरून बाहेर काढला. धरलाच. बोटं लालभडक झाली होती. किती वेळ उभी होती देव जाणे. ती घरात गेली नाही. कुंपणाजवळ जाऊन उभी राहिली आणि तिथून गाडीकडे बघत राहिली.

हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी सिग्वेला स्पष्ट सांगितलं. तो बूट पुसत म्हणाला, "त्यांना जरा वेळ दे." वेळ! पुढच्या हिवाळ्यापर्यंत?

२४ जानेवारी

एस्किल मला बघून हसतो. पण ती खोलीत असली की आधी तिच्याकडे बघून हसतो.

२९ जानेवारी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

मंगळवारी एस्किल माझ्याकडे असतो. आज मैत्रिणीला, बेरितला, भेटायला नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात गेले. गाडी बाहेर खिडकीखाली लावली, आणखी दोन गाड्या होत्या त्यांच्या शेजारी. ब्रेक लावला. तो झोपला होता. मी आत गेले, रांगेत उभी राहिले, बन घेतले, बेरितशी दोन शब्द बोलले आणि खिडकीबाहेर बघितलं. दोन गाड्या.

दोनच!

बाहेर पळाले. रस्त्याला कुणी नाही. बेरितने पोलिसांना फोन लावला. मला नीट बोलताही येईना, बाळाने काय घातलंय ते विचारत होते आणि मला टोपीचा रंग आठवेना. शाळेतल्या पोरासारखा दिसणारा एक पोलीस आला. त्याने मला बाकावर बसवलं. सिग्वेचा फोन येईपर्यंत मी त्या बाकावर बसून होते. त्या वेळेसाठी मी कुणालाही माफ करणार नाही.

बाळ घरी होतं. विहीणबाई बाजारातून येताना तिथून गेल्या, गाडीत एस्किल एकटाच दिसला, खिडकीतून डोकावलं तर मी दिसले नाही म्हणे — मी रांगेत होते! — आणि गाडी ढकलत घरी! मला सांगायला दार ढकलून आतसुद्धा आल्या नाहीत. फोन घरी विसरल्या होत्या.

घरी गेल्यावर मी जे काही बोलले ते सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. ऐकू दे. पोलीस दारात उभा, शेजारी खिडकीत. ती बाळाला छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकून उभी, आणि सारखं एकच, "माफ करा. एकटा होता. एकटा होता."

मी सिग्वेला सांगितलं, ह्या बाईजवळ मी माझा नातू एक दिवसही ठेवणार नाही. ती तरी जाईल, नाहीतर मी घर विकून जाते. तामूना रडायला लागली. "तुरिड, तुम्हाला माहीत नाही—" मी म्हटलं, मला माहीत करून घ्यायचंही नाही. ती गप्प झाली. आमच्याकडे आल्यापासून एवढं तरी शिकली आहे.

३० जानेवारी

विहीणबाईंचं तिबिलिसीचं तिकीट काढलं. शनिवार सकाळ. तिने स्वतःच काढायला सांगितलं म्हणे.

शांत वाटायला हवं होतं. वाटत नाही.

१ फेब्रुवारी

संध्याकाळी फोन वाजला. "तुरिड, मी लामारा. मी खाली येऊ?" डोक्यावरच्या मजल्यावरून जिना उतरायला फोन! मी म्हटलं, या.

बूट दाराबाहेर काढले. पायात लोकरीचे मोजे. हातात काही नव्हतं. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आली. तेही मीच सांगितलं होतं.

टेबलाशी बसली. मी कॉफी ओतली. मोबाईलवरून शिकलेली आमची भाषा, मोजके शब्द. दुपारभर पाठ केलं असावं, कारण अडखळत होती ती शब्दांवर नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा, तिबिलिसी. वीज नाही. गॅस नाही. खिडकीला काच नाही, प्लास्टिक लावलेलं. घरातल्या खुर्च्या जाळून झालेल्या. नवरा लढाईवर. सगळे कोट पलंगावर टाकून ती मध्ये झोपायची. एका बाजूला तामूना, तीन वर्षांची. दुसऱ्या बाजूला लेवान.

"लेवान आठ महिने. थंडीत झोपला. सकाळी तामूना उठली. लेवान उठला नाही."

कप हातात धरून बसले.

मग ती म्हणाली, "तुमची बाळं थंडीत झोपतात, उठतात. मला माहीत आहे. मी खूप वाचलं. पण हाताला माहीत नाही." आणि उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला राहायचं असेल तर राहा."

"नको," म्हणाली. "तुम्हाला त्रास." आणि उठली नाही. कप रिकामा होता तरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

मी म्हटलं, "बरं." आणि कप उचलले.

२ फेब्रुवारी

गेली. सिग्वे विमानतळावर सोडून आला. मी त्याला दारातच गाठलं. तुला माहीत होतं? लेवानचं? म्हणाला, हो, लग्नाच्या आधीपासून.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलं नाहीस, आई."

माझा मुलगा. मीच वाढवलाय, कुणाला बोल लावू? इतका संताप आला की दार आपटलं. माझा नवरा आर्नफिन होता तेव्हासुद्धा मी या घरात कधी दार आपटलं नव्हतं. तिला इथलं सगळं सांगितलं. बूट, लोकर, बसची बाकं. आणि ही बाई कुठून आली, तिच्या घरात काय झालं, हे एवढ्या दिवसांत एका शब्दाने विचारलं नाही. याला आम्ही मान ठेवणं म्हणतो! आणि मोठ्या तोंडाने तिलाही तेच शिकवलं, कुणाला घरचं विचारायचं नाही.

तामूना माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

४ फेब्रुवारी

उणे सहा. तामूनाने रजा घेतली होती, पण दुपारी तिला दवाखान्यात जायचं होतं म्हणून एस्किल माझ्याकडे. बाहेर झोपवलं. नेहमीसारखं. आत येऊन भाजी चिरायला घेतली.

मग बाहेर गेले. पांघरुणात हात घातला. श्वास आहे. आत आले. दोन गाजरं चिरली. परत बाहेर. आमच्या चार पिढ्या बाहेर झोपल्या, सगळ्या उठल्या, मला पक्कं माहीत आहे. तरी परत गेले. तो जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं. मी त्याला उचलून आत आणलं, शेगडीजवळ बसले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

आणि तेव्हा तो वॅफल आठवला. ताट उचलून ओट्यावर ठेवलेलं. मग तो रिकामा कप. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, तामूना हसत हसत सांगून गेली होती! ती बाई टेबलाशी बसून वाट बघत होती, आणि मी कप विसळत होते. मूर्ख! मूर्ख बाई!

५ फेब्रुवारी

तिबिलिसीला फोन लावला. तामूनाला मध्ये घेतलं नाही. लामारा, परत या, म्हटलं. "नको नको," म्हणाली, "तुम्हाला त्रास."

मी पुन्हा विचारलं.