हिरामणची बरणी

मी, लंकाबाई पुंजा गामणे, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार पंचवटी, नाशिक, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, पोट तेवढं नाही. पोटातली गाठ काढण्यापलीकडे गेली आहे. दिवाळीपर्यंत काय होईल असं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नुसते कागद चाळले, त्यातच मी समजले. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. दडपण असेल तर एका बरणीचं आहे. ती अर्धी झाली आहे, आणि ती संपायच्या आत मला हे पुरं करायचं आहे.

वकील शाझियाताई अत्तार यांनी मला नमुना दिला होता. त्यात एका कलमात एकच गोष्ट, आणि तीही दोन ओळींत. मला ते जमलेलं नाही. ताईंनी वाचून सांगितलं, "मावशी, एवढं सगळं कोर्टाला नको असतं." मी म्हटलं, मला हवंय ना.

कलम १. माझे पती पुंजा अंबडला लेथवर कामाला होते. ते चौदा वर्षांपूर्वी वारले. मला दोन मुलं. मोठा हिरामण, वय बत्तीस. धाकटी वेदिका, वय सत्तावीस, लग्न होऊन पुण्यात असते आणि तिला सातवा महिना चालू आहे. हिरामण जन्मापासून बोलत नाही. त्याला चावता येत नाही, घास दिला की ठसका लागून डोळे पांढरे करतो. तो सूप पितो, आणि त्याच सुपात कुस्करलेला मऊ भात खातो. दुसरं काही नाही. पेला हातात दिला की आधी नाकाशी नेतो. वास पटला तर पितो. नाही पटला तर ओठ असे मिटतो की चमच्याचं टोकही आत जात नाही. हे मृत्युपत्र त्याच्यासाठी आहे. बाकीची कलमं रिवाज म्हणून लिहिते.

कलम २. पंचवटीतल्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या हिरामण आणि वेदिका यांना समान द्याव्यात. हिरामण असेपर्यंत विकू नयेत. सिंहस्थाच्या कामासाठी सध्या गल्ली खणलेली आहे, त्यामुळे मला नेताना पुढच्या दारानं नेता येणार नाही. मागच्या बोळानं न्यावं, पण पायऱ्यांवर शेवाळ आहे, खांदा देणाऱ्यांनी जपून.

कलम ३. बँकेतली ठेव हिरामणच्या औषधपाण्यासाठी. माझ्या कानातले वेदिकाला. तिला मुलगी झाली तर तिनं ते मोडून बारीक बाळ्या कराव्यात, मुलगा झाला तर स्वतः घालावेत. शेजारच्या अनवरीला माझी सगळी पितळी भांडी, कारण माझ्या घरात तिनं स्वतःच्या घरापेक्षा जास्त वेळा चूल पेटवली आहे. कोपऱ्यावरच्या धोंडीराम यांनी सहा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेलेली माझी लाकडी शिडी परत आणून द्यावी. मी गेल्यावर माफ होईल असं त्यांनी समजू नये.

कलम ४. माझी हत्यारं : लोखंडी खलबत्ता, जाड बुडाचा तवा, बारीक चाळण, आणि पिवळ्या झाकणाची काचेची बरणी. ही चार वेगवेगळी करू नयेत. हिरामणला जो सांभाळेल त्याच्याकडे चारही जावीत. त्या व्यक्तीचं नाव कलम ७ मध्ये आहे. आत्ता लिहायला हात वळत नाही.

कलम ५. सुपाची पूड. वेदिकाच्या लग्नात तिला कागदावर लिहून दिलं होतं, तेच शब्द इथे उतरवते.

वाळवलेला कांदा दोन वाट्या. वाळवलेला लसूण अर्धी वाटी. मूगडाळ एक वाटी, खमंग भाजून. वाळवलेलं गाजर आणि टोमॅटो मिळून एक वाटी, दोन्ही कडकडीत वाळलेले, हातात चुरले पाहिजेत. जिरं एक चमचा, मिरी वीस दाणे, सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, हळद अर्धा चमचा, साखर एक चमचा, मीठ दोन चमचे. कांदा नुसता गरम करावा, लसूण तव्यावर मंद आचेवर लालसर होईपर्यंत भाजावा. सगळं गार झाल्याशिवाय कुटू नये, गरम कुटलं की पुडीला ओल धरते आणि गोळे होतात. खलबत्त्यात कुटून चाळावं. चाळणीवरचं फेकू नये, पुन्हा कुटावं. बरणीत कोरडा चमचाच घालावा. प्यायला देताना दोन चमचे पूड आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग दीड पेला उकळत्या पाण्यात सोडावी, आणि दाट होईपर्यंत ढवळावं.

कलम ६. गेल्या महिन्यात मला रक्ताची उलटी झाली आणि मला दवाखान्यात ठेवलं. त्या आठवड्यात बरणी रिकामी होती. नवी पूड करायची राहिली होती, ही माझी चूक. वेदिका जड अंगानं पुण्याहून आली. तिनं कागद पाहून पूड केली. हिरामणनं पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी अनवरीनं केली. तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून केली. बाजारातली पाकिटं आणली, ती त्यानं हुंगलीसुद्धा नाहीत. पाण्याचे घोट तेवढे घेत होता. अनवरी दवाखान्यात येऊन माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "लंकाबाई, मी हात जोडले त्याच्यापुढे. बेटा, अम्मी येतेय, एक घोट पी, म्हटलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं हो."

सातव्या दिवशी वेदिकाचा फोन आला. ती रडत होती. "आई, डॉक्टर नाकातून नळी घालायची म्हणतायत. खरं सांग, कागदात काही राहिलंय का?"

मी म्हटलं, "काही राहिलेलं नाही. कागदाप्रमाणे कर."

हे खोटं होतं. पूर्ण शुद्धीवर, सलाईन लावलेल्या हातात फोन धरून मी ते बोलले. माझा मुलगा सात दिवस उपाशी होता आणि मी खोटं बोलले. हे कलम कुणी गाळू नये.

कलम ७. आता सगळं सांगते.

मी अंबडला कांदा-लसूण वाळवायच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं काम केलं. माझं काम निवडीचं. पट्ट्यावरून वाळलेले काप यायचे, त्यातले करपलेले उचलून बाजूच्या टोपलीत टाकायचे. माझ्यासारखा हात कुणाचा नाही, असं मुकादम म्हणायचे. एकही काळा काप माझ्या नजरेतून सुटत नसे. ती टोपली संध्याकाळी फेकून द्यायचे. हिरामण चार वर्षांचा होता तेव्हा यजमानांचं काम सुटलं होतं. मी मुकादमांना विचारून त्या टोपलीतले लसणाचे काप पदरात बांधून घरी आणले, कुटले, डाळीच्या पिठात मिसळले आणि पाण्यात उकळून त्याला दिले. तोवर तो काहीच नीट खात नव्हता. त्यानं पेला हुंगला आणि गटागटा पिऊन टाकला. मला इतकं रडू आलं की मी पेला हातात घेऊन तशीच बसून राहिले.

त्या दिवसापासून हिरामणच्या सुपाचा वास म्हणजे करपलेल्या लसणाचा वास. दिवस पालटले, चांगला लसूण विकत घेता येऊ लागला, तरी त्याला तेच हवं होतं. मग मी दार लावून, खिडकी लावून लसूण काळा करायचे. काप चांगला कोळशासारखा व्हायला हवा, लालसर नाही. जिनं आयुष्यभर करपलेलं निवडून फेकलं तिनं घरात मुद्दाम करपवायचं, हे कुणाला दिसू द्यायची मला लाज वाटली. गल्लीत सगळे म्हणायचे, लंकाबाईच्या हाताला चव आहे, पोरगा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. मला तेवढीच एक गोष्ट मिळाली होती. वेदिकाला कागद लिहून दिला तेव्हा मी 'लालसर' लिहिलं. लाज होतीच, पण नुसती लाज नव्हती. त्यानं माझ्याच हातचं खावं असं मला वाटत होतं. मी गेल्यावर तो कुणाचं खाणार, हा विचार मी कधी पुरा होऊच दिला नाही.

आता माझी थोरली जाऊ, झुंबरबाई. राहणार दिंडोरी तालुका, द्राक्षाच्या मळ्याच्या कडेला एकटीच असते. यजमानांच्या दहाव्याला सगळे पाहुणे बसलेले असताना तिनं हिरामणच्या हातातला पेला घेऊन हुंगला आणि मोठ्यानं म्हणाली, "आगं बाई, हे करपलंय! पोराला करपट पाजती ही!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. करपलेलं नाही, असं मी म्हटलं आणि सगळ्यांनी ते मानलं. नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईला हे ऐकवलं. त्या दिवसापासून चौदा वर्षं मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले नाही. तिनं वेदिकाच्या लग्नात पाठवलेली साडी परत पाठवली.

आठव्या दिवशी अनवरीनं माझ्या नकळत तिला फोन केला. ती पहिल्या एसटीनं आली. कागद वेदिकाकडून वाचून घेतला, तव्यावर लसूण टाकला आणि काळा होऊन धूर निघेपर्यंत हलवलाच नाही. अनवरी ओरडली, "अहो, जळतंय!" ती म्हणाली, "जळू दे. चौदा वर्सं झाली, त्यो वास माझ्या नाकातून गेला नाय. हा कागद खोटा हे."

हिरामणनं पेला नाकाशी नेला. दोन पेले प्यायला. तिसऱ्यासाठी पेला तिच्यापुढे धरला. हे मला वेदिकानं सांगितलं तेव्हा मी देवाचं नाव घ्यायच्या आधी मनात म्हणाले, आता तो माझ्याशिवाय जगेल. मला त्याचं वाईट वाटलं. आई असून वाईट वाटलं. मग मात्र मी इतकी रडले की नर्सबाई धावत आल्या.

झुंबरबाई संध्याकाळी माझ्या खाटेशी आली. लसणाच्या धुराचा वास तिच्या पदराला होता. ती म्हणाली, "लंके, मला दे त्याला. माझ्याकडं अंगण हे, म्हशी हेत, बसंल बघत. मला कोण हे दुसरं?" मी भिंतीकडे तोंड केलं. हिरामणनं केलं तसंच. ती बरणी भरून ठेवून गावी निघून गेली.

शाझियाताईंनी सांगितलं की पालक नेमणं मृत्युपत्रानं होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, इथे फक्त इच्छा लिहिता येते. तर माझी इच्छा अशी : हिरामणला माझ्या मागे झुंबरबाई गामणे यांनी सांभाळावं. वेदिकानं नाही. वेदिका, तू रागावशील, पण तुझ्या पोटातल्या जिवाला आई लागणार आहे, आणि तुझ्या भावाला तो वास ओळखणारं माणूस. कलम ४ मधली चारही हत्यारं झुंबरबाईंना. परत पाठवलेली साडी त्यांनी जपून ठेवली असेल तर ती मला शेवटी अंगावर घालावी. टाकली असेल तर माझं काही म्हणणं नाही.

बाई, तुम्ही खरं बोलला होता. ते करपलेलंच होतं. तुम्ही त्याला घ्याल का, हे मला माझे डोळे मिटायच्या आत कळू द्या. मी पाया पडून विचारते आहे.

कलम ८. माझं क्रियाकर्म थोडक्यात करावं. दहाव्याला हिरामणला सगळ्यांच्या मध्ये बसवून सूप द्यावं.

हे मृत्युपत्र मी लिहिलं, वाचलं आणि ते माझ्याच मनाचं आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

लंकाबाई पुंजा गामणे

साक्षीदार :
१. ॲड. शाझिया अत्तार, नाशिक
२. सरफराज मणियार, किराणा दुकानदार, पंचवटी

स्थळ : पंचवटी, नाशिक
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५

जोडपत्र, दिनांक १८ सप्टेंबर २०२५. वरील सर्व मजकूर आज माझ्या घरी शाझियाताईंनी झुंबरबाई गामणे यांना मोठ्यानं वाचून दाखवला, कारण त्यांना वाचता येत नाही. कलम ७ वाचून झालं. मग झुंबरबाई डोळे पुसून म्हणाल्या, "पोराचं कपडं बांधून ठेव. आन लंके, सगळं कबूल केलंस, पर तिकडं वर लालसर तसंच ठिवलंस. खोड ते आदी."

खोडाखोडीबाबत खुलासा : कलम ५ मधला 'लालसर' हा शब्द मी शुद्धीवर असताना, स्वतःच्या हातानं खोडला आहे. त्या जागी 'काळा' असं वाचावं. त्याच ओळीत 'भाजावा' या शब्दाच्या आधी 'दार उघडं ठेवून' हे तीन शब्द वाढवले आहेत.

लंकाबाई पुंजा गामणे
झुंबरबाई गामणे, डाव्या हाताचा अंगठा