डालग्यावरचा पाटा

आये, परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोल्हा आला. इथे कामोठ्याला, सात मजली इमारतीखाली, दोन गाड्यांच्या मधे उभा होता म्हणे. वॉचमनने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना टेन्शन. मुलांना खाली सोडू नका, फॉरेस्टवाल्यांना फोन करा, आणि हा कुत्रा की कोल्हा यावर दुपारपर्यंत वाद. मी फोटो एकदाच पाहिला. ते मान खाली घालून वर बघणं मी ओळखते. चहा उतू गेला तरी मी तशीच उभी. तू जाऊन वीस वर्षं झाली, माझे केस पांढरे व्हायला लागले, आणि तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता आये विचारणार, पाटा ठेवला होतास का.

तुझ्या हाताला जोर किती होता ते मला त्या वर्षीच्या थंडीत कळलं होतं. खाडीत भराव टाकणं सुरू झालं होतं. दिवसभर डंपर यायचे, तिवरांच्या झाडीवर माती ओतून जायचे, आणि तिवरांतले कोल्हे आपल्या परसात शिरायचे. बाबांची होडी विकून झाली होती, ते तुर्भ्याला कारखान्यात लागले होते. होडीचं म्हणून घरात उरलं होतं एक वल्हं आणि एक जुनं जाळं. ते जाळं तू खुराड्याच्या तोंडाशी टांगलंस. एका सकाळी, उजाडता उजाडता, कोल्हा त्यात अडकला. तू वल्हं घेऊन गेलीस. पहिल्या फटक्याला तो किंचाळला, तिसऱ्याला त्याचा जबडा निखळला, मग आवाज बंद झाला तरी तू मारतच राहिलीस. डोकं कुठलं आणि चिखल कुठला ते कळेनासं झालं. काकी, म्हणजे तुझी भिंतीपलीकडची धाकटी जाऊ, आपल्या मागच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"बास गो. मेला त्यो," ती म्हणाली.

"मेला तर मेला. बाकीच्यांना समजू दे," तू म्हणालीस. मग हात धुऊन आत आलीस आणि भाकऱ्या थापल्यास. मी त्या खाल्ल्या.

फाल्गुनात कारखान्यात बाबांचा हात प्रेसच्या यंत्रात गेला. चार बोटं चेचली, तळवा फाटला. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणायचे. तू गावदेवीला नवस बोललीस, हात वाचू दे, चैत्राच्या जत्रेला कोंबडा देईन. सगळ्यात मोठा तांबडा कोंबडा निवडलास आणि त्याच्या पायात लाल चिंधी बांधलीस. देवीला बोललेला कोंबडा एकदा ठरला की ठरला, त्याच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून दिवसा तो डालग्याखाली, त्या उपड्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, आणि टोपलीवर मसाला वाटायचा दगडी पाटा. तू दुपारी बाबांचा डबा घेऊन हॉस्पिटलला निघालीस की मला रोज बजावायचीस, "तुझ्या बापाचा हात त्या डालग्याखाली हाय, समजलीस?" मी बारा वर्षांची होते. मला ते अगदी तसंच दिसायचं, टोपलीखाली बाबांचा हात.

जत्रा चार दिवसांवर आलेली. काकीकडे नवा रंगीत टीव्ही होता, दुपारच्या पिक्चरमधलं गाणं भिंतीतून ऐकू येत होतं. कोंबड्याला पाणी ठेवायला मी पाटा खाली उतरवला. परत उचलताना तो निसटून माझ्या बोटावर आला. नखाखाली रक्त साकळलं आणि मला संताप आला, पाट्याचा, कोंबड्याचा आणि तुझाही. मी डालग्यावर अर्धी वीट ठेवली आणि पळत काकीकडे गेले. काकीने मला चटई दिली आणि ती आत चहा टाकायला गेली. जाहिराती लागल्या तेव्हा परसातून आवाज आला. कोंबडं ओरडतं तसा नाही, जाड कापड टरकावल्यासारखा.

मी धावत आले. डालगं उलटलेलं, वीट बाजूला पडलेली, आणि कोल्हा भर उन्हात कोंबड्याच्या मानेवर पाय देऊन त्याचं पोट फाडतोय. कोंबडा अजून पंख मारतोय. मी साधा दगडही उचलला नाही. कोल्ह्याने मान खाली ठेवूनच माझ्याकडे पाहिलं, मग कोंबडा तोंडात धरून तो काकीच्या परसातून, तिच्या राखेच्या ढिगावरून, तिवरांकडे गेला. आतडी मात्र तिथेच पडली होती.

आता नीट ऐक. ती आतडी मी केळीच्या बुंध्याशी पुरली. रक्तावर माती लोटली. डालगं पुन्हा उपडं घातलं. आणि पाटा फरफटत आणून डालग्याला टेकवून ठेवला, कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावा तसा. का, तर मला तो जाळ्यातला कोल्हा आठवत होता आणि त्याच्या जागी मी दिसत होते.

पाच वाजता तू आलीस. डालगं उचललंस आणि तशीच वाकलेली राहिलीस.

"पाटा ठेवला व्हता का?"

"ठेवला होता."

"बापाची शपथ घे."

मी घेतली.

तू पाट्याकडे बघत म्हणालीस, "कोल्ह्याला काय हात हायेत? ह्यो मानूस आला व्हता." मग तुला काकीच्या राखेवर तांबडी पिसं दिसली, आणि लाल चिंधी. वल्हं दाराशीच होतं. काकी मागे भांडी घासत बसली होती. "देवीला बोललेला कोंबरा खाल्लास," तू म्हणालीस, आणि तिने वर पाहिलं तोवर पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडलेलं मला भिंतीपाशी ऐकू आलं. दुसरा कपाळावर. ती राखेच्या पाण्यात आडवी झाली, तोंड रक्ताने भरलं, आणि तू तिसऱ्यांदा वल्हं उचललंस. काकांनी मागून तुझ्या कंबरेला मिठी मारली म्हणून ती वाचली. पडल्यापडल्या काकी तुझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी बाबांचा हात मनगटापासून काढला. आता मला कळतं की तो आधीच सडला होता, कोंबड्याने त्यात काही फरक पडला नसता. पण तू मरेपर्यंत म्हणायचीस, तिने कोंबडा खाल्ला नसता तर हात राहिला असता. परसातही भिंत घातली गेली. तुम्ही दोघी जावा, एका नळावर पाणी भरणाऱ्या, पुन्हा कधी बोलला नाहीत. तू गेलीस तेव्हा तुला आंघोळ घालायला तीच आली. उजवा हात तिला वर उचलता यायचा नाही, म्हणून डाव्या हाताने ती तांब्याने पाणी घालत होती. मी तेव्हाही गप्प राहिले. माझी लाज वाटते मला.

काल रविवारी मी तिच्याकडे गेले. कपाळावरची खूण आता सुरकुत्यांत मिसळलीय. मी तिला मोबाइलवर कोल्ह्याचा फोटो दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. ती कोथिंबीर निवडत होती, ती निवडतच राहिली.

"म्हायत हाय मना," ती म्हणाली. "आवाज ऐकून मी बी मागच्या दारात आलेली. पाटा वढताना बगितला तुला."

"मग तू बोलली का नाहीस गं, काकी?"

"तुझ्या आयेना त्या कोल्ह्याला कसा मारला, त्यो पन मीच बगितलेला ना." मग जरा थांबून म्हणाली, "मी मोठी बाय. माझा खांदा मोडला. तुझा काय उरला असता?"

आये, तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला चुलीपाशी बसून वाचून दाखवायचे, आणि न आवडणारी ओळ मी गाळली तर तुला बरोबर कळायचं. म्हणजे हे पत्रही मलाच मोठ्याने वाचावं लागलं असतं. आज घरात कुणी नाही. मी पत्र हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि 'आये'च्या पुढे एक शब्द फुटला नाही. घडी घालून मसाल्याच्या डब्याखाली ठेवते आहे.

एक ओळ मी वर गाळली आहे. वल्हं काकीच्या खांद्यावर बसलं तेव्हा मी घाबरले नव्हते. मला हायसं वाटलं होतं.